सर्पगंधा आणि तिचे दोन भागीदार

रक्तदाबाचा विकार जडलेल्या माणसाच्या घरी आज जी गोळी आढळते तिच्या वेष्टणावर पुष्कळदा दोन, क्वचित तीन औषधांची नावे छापलेली असतात. घेणाऱ्याचे तिकडे लक्ष नसते. त्याच्या लेखी ती ‘प्रेशरची गोळी’. सकाळी चहाबरोबर गिळावयाची आणि दिवसभर विसरून जावयाची. आम्हां वकिलांना मात्र दस्तऐवजातील बारीक अक्षर आधी वाचण्याची खोड असते, आणि ते वाचताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. एकाच गोळीत तीन द्रव्ये नांदत असतील तर गुण आल्यास श्रेय कोणाचे, आणि अपाय झाल्यास दोष कोणाच्या माथी मारावयाचा? भागीदारीच्या कायद्यात हा प्रश्न नित्याचा आहे. रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात तो एकदा फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला, आणि आमच्या मते त्याचा निकाल घाईने लागला. त्या प्रकरणातील प्रमुख भागीदार आपल्याकडचा होता, सर्पगंधा नावाच्या झुडपाच्या मुळीतून निघालेला. म्हणून ह्या पानांतून ती हकीकत सांगावीशी वाटते.

ह्या भागीदारीपूर्वी रक्तदाबाच्या रोग्याची स्थिती काय होती हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट हे १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ६३ वर्षांचे होते. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन ह्यांनी त्यांना प्रथम तपासले तेव्हा रक्तदाब १८६ वर १०८ होता. मृत्यूच्या दिवशी तो ३०० वर १९० इतका भरला. पृथ्वीवरील बहुधा सर्वांत सामर्थ्यवान पुरुष, चोवीस तास दिमतीस डॉक्टर, आणि उपाय कोणते? विश्रांती, जेवणात मीठ कमी, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि मन शांत राहावे म्हणून फेनोबार्बिटाल. ह्यापलीकडे देण्याजोगे वैद्यकापाशी फारसे काही नव्हते, आणि असते तरी ते द्यावे की नाही ह्याविषयीच दुमत होते. रक्तदाब चढणे ही शरीराने आपल्या गरजेपोटी केलेली तजवीज असावी, तीत उगाच हात घालू नये, असा इशारा बॉस्टनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट ह्यांनी १९३१ साली दिला होता. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या जॉन हे ह्या डॉक्टरांनी तर असे बजावले की, वाढलेल्या रक्तदाबाचा खरा धोका तो सापडण्यात आहे, कारण सापडला की कोणी तरी मूर्ख तो उतरवावयास धावणारच.

ज्यांना स्वस्थ बसवत नव्हते त्यांनी दोन मार्ग काढले. एक शस्त्रक्रियेचा, पाठीच्या कण्यालगतच्या ज्या नसा रक्तवाहिन्यांना आवळतात त्याच कापून टाकावयाच्या. दुसरा मार्ग भाताचा. जर्मनीतून परागंदा झालेले वॉल्टर केम्प्नर हे डॉक्टर उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात १९३९ पासून आपल्या रोग्यांना नुसता भात, फळे, फळांचा रस आणि साखर ह्यांवर ठेवीत. भात खाऊन रक्तदाब उतरतो हे वाचून आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना आनंद होईल, परंतु तो भात मिठावाचूनचा, हुमणावाचूनचा आणि खारवलेल्या मासळीवाचूनचा होता हेही ध्यानात असावे. पुष्कळ रोग्यांचा दाब त्याने खरोखरच उतरला. पुष्कळांनी ते जेवण सोडूनही दिले.

आता सर्पगंधेकडे वळू. १५३४ साली पोर्तुगालहून गोव्यास आलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य जवळजवळ तीस वर्षे इथल्या वनस्पतींविषयी, इथल्या वैद्यांकडून, टिपणे घेत होता. त्याचा संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात ‘पाव द कोब्रा’, म्हणजे सर्पाचे लाकूड, ह्या नावाने काही औषधी मुळ्यांचे वर्णन आहे; सापाशी झुंजणारे मुंगूस ती वनस्पती कशी हुडकून काढते ही सिलोनची कथाही आहे. त्याने वर्णिलेल्या जातींपैकी नेमकी सर्पगंधा कोणती ह्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचा खल झाला आहे. प्राचीन आयुर्वेदग्रंथांतील ‘सर्पगंधा’ ह्या नावाचीही तीच अडचण. नाव जुने, पण वनस्पती तीच की दुसरी, हे शपथेवर सांगता येत नाही. ओर्ता मात्र त्या संशोधनाचे फळ चाखू शकला नाही. तो १५६८ साली वारला, आणि तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असा ठपका ठेवून इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली.

झुडपाला युरोपात मिळालेल्या नावाची गंमत वेगळीच आहे. १७०३ साली शार्ल प्ल्युमिए ह्या फ्रेंच वनस्पतिज्ञाने ह्या कुळाला आउग्सबुर्गचे वैद्य लेओनहार्ट राउवोल्फ ह्यांचे नाव दिले. राउवोल्फ महाशय १५७३ ते १५७६ ह्या काळात तुर्की मुलखात हिंडले होते. हिंदुस्थानात त्यांनी पाऊल टाकले नव्हते आणि हे झुडूपही पाहिले नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बिहारात ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई, आणि वेडाच्या लहरीत असलेल्या माणसाला ती देऊन निजविण्याची रीत होती.

ह्या लोकरीतीचे शास्त्रीय साक्षीपुराव्यात रूपांतर झाले ते १९३१ साली, आणि तेही दोन ठिकाणी एकदमच. कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ ह्या नियतकालिकात ही मुळी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब ह्या दोहोंवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी ह्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून पाच अल्कलॉइड वेगळे काढले, आणि एकास आपले आश्रयदाते हकीम अजमल खान ह्यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी कलकत्त्यास तिचे प्राण्यांवरील परिणाम तपासले. १९३४ पासून तिच्या गोळ्या ‘सर्पिना’ ह्या नावाने बाजारात आल्या. हे सारे इंग्रजीत छापले जात होते आणि तरीही लंडन-बॉस्टनकडे त्याची वार्ता नव्हती. हिंदी नियतकालिकांतील निबंध तिकडे कोणी वाचीत नसे, एवढेच त्याचे कारण.

ते वाचावयास लावले मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी. परळच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन काय आढळले, ह्याचा त्यांचा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या कसोटीने पन्नास हा आकडा लहान आहे. परंतु निबंधाची शिस्त आणि भाषा अशी होती की परदेशी डॉक्टरांना तो बाजूस सारता आला नाही. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता, औषध स्वस्त होते, आणि त्याचे उपद्रव, नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब, असे सोसण्याजोगे होते. वकीलसाहेबांना ह्या कार्यासाठी १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. त्यांचे आडनाव आमच्या धंद्याचे, म्हणून आम्हांस त्यांच्याविषयी अंमळ अधिक ममत्व वाटते असा आरोप कोणी केल्यास तो आम्ही नाकारणार नाही.

ह्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स ह्यांनी हिंदुस्थानातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांवर त्यांचा प्रयोग केला. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल श्लिटलर व योहानेस म्युलर ह्यांनी १९५२ साली मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे केले, आणि त्यास ‘रेसर्पिन’ हे नाव पडले. १९५६ साली रॉबर्ट वुडवर्ड ह्यांनी ते प्रयोगशाळेत पहिल्यापासून घडवूनही दाखविले. सर्पगंधेच्या मुळ्यांना परदेशी इतकी मागणी आली की भारत सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, आणि मग परकी कारखानदारांनी आफ्रिकेतील तिच्या एका भगिनीकडे मोर्चा वळविला.

तथापि एकट्या रेसर्पिनने काम भागेना. ते नसांच्या टोकांशी साठविलेले उत्तेजक द्रव्य हळूहळू रिकामे करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदय संथ चालते. पण मोठा दाब उतरवावयाचा तर मात्रा वाढवावी लागे, आणि दिवसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम अशी मात्रा झाली की काही रुग्ण खिन्न होत, घुमे होत, असे वृत्तान्त येऊ लागले. ह्याच कंपनीपाशी हायड्रालाझीन नावाचे दुसरे औषध होते. हिवतापावरील औषध शोधता शोधता ते हाती लागले होते. ते धमन्यांच्या बारीक फाट्यांना थेट सैल करी. मात्र दाब उतरताच घाबरून हृदय जोराने धडधडू लागे, आणि मूत्रपिंडे मीठ-पाणी अडवून धरीत, की दाब पुन्हा चढलाच. तिसरे आले ते १९५८ साली, मर्क कंपनीच्या कार्ल बायर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेतून: क्लोरोथायाझाइड, आणि त्यापाठोपाठ पुढल्याच वर्षी त्याचे अधिक प्रभावी भावंड हायड्रोक्लोरोथायाझाइड. ही मूत्रल द्रव्ये लघवीवाटे मीठ बाहेर टाकतात. केम्प्नरच्या अळणी भाताने महिनोन्‌महिने जे साधावयाचे ते आता एका गोळीने, आणि बांगड्याच्या आमटीचा त्याग न करता, बऱ्याच अंशी साधू लागले.

ह्या तिघांना एकत्र आणण्यातील शहाणपण जाणकार वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. हायड्रालाझीनमुळे हृदय धडधडू लागते, ते रेसर्पिन आवरते. हायड्रालाझीनमुळे मीठ अडते, ते मूत्रल द्रव्य सोडविते. आणि तिघे मिळून ओझे उचलत असल्यामुळे प्रत्येकाची मात्रा इतकी कमी करता येते की त्याचा स्वतःचा उपद्रव डोके वर काढीत नाही. चुलीचे तीन धोंडे असतात तसे हे तीन. एक काढला की भांडे कलंडते. सीबा कंपनीने अमेरिकेत ‘सेर-अॅप-एस’ ह्या नावाने जी गोळी विकावयास काढली तीत रेसर्पिन अवघे ०.१ मिलिग्रॅम, हायड्रालाझीन २५ मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १५ मिलिग्रॅम होते. आपल्याकडे तिची सख्खी बहीण ‘अॅडेल्फेन-एसिड्रेक्स’ ह्या नावाने वर्षानुवर्षे खपली. तीतही रेसर्पिन ०.१ मिलिग्रॅम एवढेच. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे नाव गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नावासारखे असे. मुळी इथून गेली, बाझलला तिचे सत्त्व निघाले, आणि परदेशी नाव घेऊन ती पुन्हा आमच्या फडताळात आली.

गोळी विकली जात होती हे खरे. पण दाब उतरविल्याने माणूस अधिक जगतो काय? हा प्रश्न साठीच्या दशकातही अनुत्तरित होता, आणि नामांकित वैद्य ‘नाही’ ह्या बाजूने बोलत. त्याचा निवाडा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस ह्यांच्या नेतृत्वाखाली झाला. तो निवाडा ज्या पद्धतीने झाला तिचे आम्हां कायदेवाल्यांना विशेष कौतुक वाटते. प्रथम साक्षीदारांची पारख. जो नेमाने गोळी घेणार नाही त्याची साक्ष काय कामाची? म्हणून आरंभी उमेदवारांना रायबोफ्लेविन नावाचे जीवनसत्त्व घातलेल्या, औषधरहित गोळ्या देण्यात आल्या. ते जीवनसत्त्व लघवीत उतरले की विशिष्ट प्रकाशात लघवी चमकते. तेव्हा गोळी घेतली की नाही हे माणसाच्या शब्दावर अवलंबून राहिले नाही. ह्या चाळणीत बरेच उमेदवार गळाले. उरलेल्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवाधीन वाटणी करण्यात आली. अर्ध्यांना हायड्रोक्लोरोथायाझाइड, रेसर्पिन व हायड्रालाझीन हे त्रिकूट, आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय मिळते हे रुग्णास ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरासही नाही.

ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांचा निकाल १९६७ साली प्रसिद्ध झाला. पोकळ गोळ्या घेणारे ७० आणि औषध घेणारे ७३. पहिल्या गटात गंभीर आपत्ती ओढवल्या २७ जणांवर, दुसऱ्यात दोघांवर. पहिल्या गटात मृत्यू चार, दुसऱ्यात एकही नाही. सरासरी दीड-दोन वर्षांत एवढा फरक पडल्यावर प्रयोगाचा हा भाग थांबविणे भागच पडले. पोकळ गोळ्या आणखी देत राहणे म्हणजे जाणूनबुजून घात करण्यासारखे झाले असते. १९७० साली मध्यम दाबाच्या, म्हणजे खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या, ३८० पुरुषांचा निकाल आला. रक्तदाबाशी निगडित मृत्यू पोकळ गोळ्यांच्या गटात १९, औषधाच्या गटात ८. वाढलेल्या रक्तदाबावर उपचार केल्याने प्राण वाचतात ह्याचा असा निर्णायक, दोन्ही बाजूंची साक्ष घेऊन सिद्ध झालेला पुरावा जगाला प्रथम मिळाला तो ह्या त्रिकुटामुळे. प्रयोगात स्त्रिया नव्हत्या ही उणीव खरी, आणि ती पुढील प्रयोगांनी भरून काढली.

विजय त्रिकुटाचा होता. त्यातील सर्पगंधेचा वाटा किती? प्रयोगाची रचनाच अशी होती की हे वेगळे सांगता येऊ नये, आणि ह्याच मुद्द्यावर त्या सुमारास अमेरिकेत कायदा जागा झाला होता. १९६२ च्या दुरुस्तीने औषध परिणामकारक असल्याचा भरीव पुरावा देणे उत्पादकावर बंधनकारक झाले. अनेक द्रव्यांच्या तयार मिश्रणांवर तज्ज्ञांची मुळातच वक्रदृष्टी होती. एका द्रव्याच्या पाठीवर बसून दुसरी दोन बाजारात शिरतात अशी त्यांची तक्रार. दोन प्रतिजैविकांच्या ‘पॅनाल्बा’ ह्या मिश्रणावर बंदी आली तेव्हा अपजॉन कंपनी न्यायालयात गेली आणि तिने सांगितले की, हजारो डॉक्टर वर्षानुवर्षे हे औषध देत आहेत, आणखी पुरावा कशाला हवा? १९७० साली अपील न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. खप हा गुणाचा पुरावा नव्हे, असा त्याचा आशय. पुढील वर्षी नियमच झाला की मिश्रणातील प्रत्येक घटकाने परिणामात आपला वाटा उचलला पाहिजे.

नियम न्याय्य आहे ह्यात शंका नाही. आपल्या देशाला तो फार उशिरा, आणि फार गोंधळातून, गवसला. १९४० च्या औषध कायद्यात १९८२ साली ‘२६ अ’ हे कलम घालून केंद्र सरकारला निरुपयोगी अगर अपायकारक औषधांवर बंदी घालण्याचा अधिकार देण्यात आला, परंतु मिश्रणांचा बाजार त्यानंतरही वाढतच गेला. त्यांची छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे ह्यांच्याकडे होते. तिच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली; डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली; डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून प्रकरण पुन्हा तज्ज्ञांकडे धाडले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी घालण्यात आली. असल्या भाऊगर्दीत रक्तदाबाचे त्रिकूट बसविणे म्हणजे चोरांच्या रांगेत साक्षीदाराला उभे करणे होय. ते त्रिकूट खपाच्या जोरावर उभे नव्हते. त्याच्या पाठीशी १९६७ आणि १९७० चे निकाल होते.

एवढे असूनही सर्पगंधा बाजारातून उठली कशी? तिच्यावर दोन आरोप होते. पहिला खिन्नतेचा. मोठ्या मात्रेतील रेसर्पिनने काही माणसे उदास होत हे निरीक्षण पन्नाशीच्या दशकातले, आणि ते एकेका रुग्णाच्या हकिकतीवर आधारलेले. १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेपर्ड ह्यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर रीतसर प्रयोग केला, तेव्हा रेसर्पिनने त्यांना उलट बरे वाटले, असे आढळले. ह्या साक्षीकडे जवळजवळ कोणी पाहिले नाही. मोठ्या मात्रेचे पाप ०.१ मिलिग्रॅमच्या गोळीलाही चिकटले.

दुसरा आरोप प्राणघातक ठरला. २१ सप्टेंबर १९७४ च्या ‘लॅन्सेट’ मध्ये बॉस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी येथील तीन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांत रेसर्पिन घेणाऱ्यांचे प्रमाण इतर स्त्रियांच्या मानाने अधिक आढळते. बॉस्टनच्या हिशेबाने धोका सुमारे साडेतीनपट, इतर दोघांच्या मते सुमारे दुप्पट. तीन देशांतील तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी आणि डॉक्टरांनी निकाल देऊन टाकला. रक्तदाबावर इतर औषधे तोवर उपलब्ध झाली होती. कर्करोगाची भीती घालणारी गोळी कोणता डॉक्टर लिहून देईल? रेसर्पिनचा खप कोसळला.

आता ह्या पुराव्याची उलटतपासणी करून पाहू. कर्करोगी स्त्रियांची तुलना ज्यांच्याशी करावयाची त्या इतर स्त्रिया निवडताना, हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांना वगळले तर काय होईल? रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रिया बहुतेक ह्याच वर्गातल्या. त्या तुलनेतून गेल्या की उरलेल्यांत रेसर्पिन सापडणारच कोठून? मग कर्करोगी स्त्रियांत ते जास्त आहे असे आपोआप दिसते. हेलसिंकीच्या अभ्यासात असेच झाले होते. येल विद्यापीठाच्या राल्फ हॉर्विट्झ आणि आल्व्हान फाइनस्टाइन ह्यांनी १९८५ साली हाच दोष प्रयोगाने उघडा केला: रक्तवाहिन्यांचे रोगी वगळून तुलना केली की रेसर्पिन दोषी दिसते, त्यांना घेऊन केली की आरोप नाहीसा होतो. त्यापूर्वीच इतरत्र झालेल्या अनेक अभ्यासांतही हा संबंध आढळला नव्हता. पक्षपात नको म्हणून एवढेही सांगितले पाहिजे की उंदरांना रेसर्पिन मोठ्या प्रमाणात खाऊ घातल्यावर त्यांच्या शरीरात गाठी उद्भवल्या, आणि त्या आधारावर अमेरिकेच्या संशयितांच्या यादीत त्याचे नाव घातले गेले. माणसांविषयीचा मूळ आरोप मात्र टिकला नाही.

परंतु निर्दोष सुटणे आणि पुन्हा कामावर रुजू होणे ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक असते. १९८५ पर्यंत रेसर्पिनचे एकाधिकार संपले होते, किंमत पैशांत मोजावी इतकी उतरली होती, आणि त्याचे वकीलपत्र घेण्यात कोणाही कंपनीचा लाभ राहिला नव्हता. नव्या, महाग औषधांचे प्रतिनिधी दवाखान्यांच्या दारांत उभे होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या, १०,९४० स्त्री-पुरुषांच्या अमेरिकन प्रयोगात दुसऱ्या पायरीवर रेसर्पिन वापरले गेले होते आणि त्या योजनेने मृत्यू घटले होते. २००२ साली निकाल आलेल्या आणखी मोठ्या अमेरिकन प्रयोगातही, पहिले औषध अपुरे पडल्यास अल्प मात्रेतील रेसर्पिन जोडण्याची मुभा होती. प्रयोगकर्त्यांना ते चालत होते. औषधांच्या दुकानांतून मात्र ते क्रमाने दिसेनासे झाले.

त्रिकुटाची कल्पना मेली नाही. २००३ साली माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड प्रभृतींनी ३५४ प्रयोगांचा धांडोळा घेऊन दाखविले की रक्तदाबाच्या बहुतेक औषधांची मात्रा निम्मी केली तरी गुण सुमारे पाचव्या हिश्शानेच उणावतो, उपद्रव मात्र पुष्कळ घटतात. तेव्हा एक औषध पूर्ण मात्रेत देण्यापेक्षा दोन-तीन औषधे अर्ध्या मात्रेत देणे फायद्याचे. सेर-अॅप-एस बांधणाऱ्यांनी नेमके हेच केले होते. २०१८ साली श्रीलंकेतील ७०० रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल आला. टेल्मिसार्टन २०, अॅम्लोडिपिन २.५ आणि क्लोर्थालिडोन १२.५ मिलिग्रॅम, अशा तीन अल्प मात्रांच्या एका गोळीने सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांचा दाब ठरविलेल्या मर्यादेत आला; नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत रक्तदाबावरील जोडगोळ्यांना प्रथमच स्थान दिले. त्यांत मूत्रल द्रव्य आहे. हायड्रालाझीन नाही, रेसर्पिनही नाही.

सर्पगंधेचे झुडूप सह्याद्रीच्या रानांत अजून आढळते. मुळीसाठी ते समूळ उपटावे लागते, आणि अर्धे शतक ते तसे उपटले गेले. १९९० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आहे.